कमी बजेटमध्ये इंजिनीअरिंग: फी, शिष्यवृत्ती आणि ऑप्शन फॉर्म (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जून-जुलैत आमच्याकडे संध्याकाळी कुणी ना कुणी फाइल घेऊन येतं. फाइलमध्ये सीईटीचं स्कोअरकार्ड आणि मार्कशीट असतात, आणि बरोबर आलेल्या आईच्या किंवा बाबांच्या तोंडी एकच प्रश्न: "एवढ्यात बसेल का?" मी कुठल्या कॉलेजात नोकरीला नाही, समुपदेशनाचा धंदाही नाही. घरातल्या दोन मुलांचे फॉर्म भरताना जेवढ्या ठेचा खाल्ल्या तेवढंच माझं शिक्षण. खालचे प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवले आहेत. सगळं महाराष्ट्रातल्या प्रवेशाबद्दल आहे. रकमा आणि अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून ताडून घ्या.

आमचं बजेट वर्षाला लाखभर आहे. त्यात कुठली कॉलेजं बसतात?

आधी लाखभर म्हणजे नेमके कशाचे, ते ठरवू. बहुतेक जण कॉलेजच्या फीचा आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. बघायचा तो आकडा वेगळा: वर्षभरात आपल्या घरातून एकूण किती पैसे बाहेर जाणार.

एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यापुरते, कुठल्याही खऱ्या कॉलेजचे नाहीत.

पुण्यातलं एक खासगी कॉलेज धरा. ट्यूशन फी १,३०,०००, विकास शुल्क १५,०००, परीक्षा आणि किरकोळ १०,०००. खोली आणि मेस मिळून महिना १०,०००, दहा महिने धरले तर १,००,०००. वर्षाचे झाले २,५५,०००. निम्मी ट्यूशन फी सरकारनं भरली तर १,९०,००० राहतात. पूर्ण ट्यूशन फी माफ झाली तरी १,२५,००० उरतातच.

आता गावापासून एसटीच्या पासवर जाता येईल असं जिल्ह्यातलं कॉलेज. ट्यूशन ८०,०००, विकास शुल्क १०,०००, इतर ८,०००, पास १२,०००. एकूण १,१०,०००. निम्मी ट्यूशन माफ झाली की ७०,०००.

म्हणजे पुण्यात पूर्ण फी माफ होऊनही चार वर्षांचे ५ लाख जातात, आणि घराजवळ निम्मीच माफ होऊन २ लाख ८० हजारांत काम होतं. "पूर्ण माफी" ऐकायला मोठी वाटते, पण भाडं आणि मेस तिच्या कक्षेत येत नाही. पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. वरचे दोन लाख वीस हजार कशासाठी देतोय, ते घरात एकदा बोलून घ्या, एवढंच. चांगली शाखा, चांगलं कॉलेज मिळत असेल तर ते पैसे देण्यासारखे असतातही.

खासगी कॉलेजची खरी फी कुठे कळते? प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो.

शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर. विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी हे प्राधिकरण २०१५ च्या कायद्याखाली मंजूर करतं. कॉलेजचं नाव शोधलं की मंजूर रक्कम दिसते. फोनवर ऑफिसातल्या माणसानं सांगितलेला आकडा हा ऐकीव माल. मंजूर फीच्या वर "डोनेशन" कुणी मागितलं तर ते बेकायदा आहे, कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा १९८७ पासूनचा आहे. बस, वसतिगृह, गणवेश, लॅपटॉप अशा नावांखाली काय काय घेतात ते मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा. ती मुलं खरं सांगतात, आणि सविस्तर सांगतात.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय? ही शिष्यवृत्ती आहे का?

नाही, ही जागाच वेगळी असते. ट्यूशन फी वेव्हर स्कीम ही एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) योजना. मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के जादा जागा या योजनेत निघतात, म्हणजे ६० जणांच्या वर्गामागे ३. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. जागा गुणवत्तेवर भरतात, आणि ज्याला मिळाली त्याची ट्यूशन फी चारही वर्षं माफ. विकास शुल्क, परीक्षा शुल्क वगैरे भरावं लागतं. नंतर कॉलेज किंवा शाखा बदलायची सोय नाही.

तीन जागा आणि मागणारे शेकडो, त्यामुळे या जागांचा कट-ऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा बहुधा वर असतो. ९५ पर्सेंटाइलला साधी जागा मिळत असेल तर टीएफडब्ल्यूएसला ९७ लागू शकतात. म्हणून इथे गुणवत्तेचा सौदा असा: एक पायरी खालचं कॉलेज घ्या आणि फी वाचवा. ९७ वाल्या मुलानं वरच्या कॉलेजात पूर्ण फी भरायची की थोड्या खालच्या कॉलेजात फी न भरता शिकायचं, हा निर्णय ज्याच्या त्याच्या घरचा.

आता खरी मेख. या जागांचा चॉइस कोड (कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी टी हे अक्षर लागतं. फॉर्ममध्ये "टीएफडब्ल्यूएस हवं का" याला हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही, तो टीवाला कोड ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) स्वतंत्र भरावा लागतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलानं चाळीस पर्याय भरले होते. मी प्रिंट बघायला मागितली. बोट फिरवत खालपर्यंत गेलो, एकही टी नाही. उत्पन्नाचा दाखला काढलेला, योजनेला हो म्हटलेलं, आणि कोड एकही भरलेला नाही. फॉर्म कन्फर्म करायला दोन तास उरले होते. आईनं कोड वाचून दाखवले, त्यानं टाइप केले, मी ताळा घेतला. जागा त्याला टीवरच मिळाली. त्याच वर्षी दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीचं हे लक्षात आलं ते अलॉटमेंट लागल्यावर.

कोड भरताना त्याच कॉलेजचा, त्याच शाखेचा टीवाला कोड आधी आणि साधा कोड त्याच्या खाली ठेवा. उलटं ठेवलंत तर साधी जागा आधी गळ्यात पडेल आणि फी भरत बसाल.

आम्ही खुल्या प्रवर्गातले. आम्हाला काहीच मिळत नाही ना?

हा गैरसमज इतका पसरलाय की लोक अर्जच करत नाहीत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना तुमच्यासाठीच आहे. लोक तिला अजून "ईबीसी" म्हणतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला असेल, तर ५० टक्के ट्यूशन फी आणि ५० टक्के परीक्षा शुल्क शासन भरतं. लाभ कुटुंबातल्या पहिल्या दोन मुलांपुरता. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसीच्या (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) विद्यार्थ्यांनाही हीच योजना.

मुलीचं शिक्षण मोफत झालंय म्हणतात. म्हणजे आम्ही एक रुपयाही भरायचा नाही?

भरायचा, पण बराच कमी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ट्यूशन फी आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळते. उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, या दोन अटी आहेतच. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत.

विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं हे सगळं तुमच्याकडेच राहतं. वरच्या पुण्याच्या उदाहरणात ट्यूशन आणि परीक्षा शुल्क वजा केलं तरी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास लागतातच. त्यामुळे "मोफत आहे, कुठेही टाकू" असं करू नका.

एक गोष्ट जपून सांगतो. या योजनांत पात्र मुलामुलींकडून प्रवेशाच्या वेळी शासनाच्या वाट्याची फी घ्यायची नाही, असं कॉलेजांना सांगितलेलं आहे. तरीही "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू" असं खिडकीवर ऐकू येतं. माझ्या भाचीच्या वेळी एका कॉलेजात असंच झालं. शासन निर्णयाची छापील प्रत घेऊन तिचे बाबा प्राचार्यांना भेटले आणि शांतपणे लेखी मागितलं, "पूर्ण फी घेत आहोत असं लिहून द्या." लिहून कुणी दिलं नाही. फी मात्र नियमाप्रमाणे घेतली.

राखीव प्रवर्गांसाठी काय काय आहे?

अनुसूचित जाती-जमातींसाठी उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिच्यात फीसोबत निर्वाह भत्ताही येतो. उत्पन्न त्यावर गेलं तर फ्रीशिप, म्हणजे ट्यूशन आणि परीक्षा शुल्काची माफी, भत्ता नाही. विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांना ट्यूशन फी पूर्ण, ओबीसी मुलग्यांना निम्मी. सगळे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरच. जात वैधता प्रमाणपत्राचं काम अकरावीतच सुरू करा, प्रवेशाच्या हंगामात पडताळणी समितीच्या दारात रांग लावायची वेळ येऊ देऊ नका.

सर्वांत कमी फी कुठे?

शासकीय आणि अनुदानित कॉलेजांत, यात वाद नाही. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, २०२२ पासून ते तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. या दोघांची नावं सगळ्यांना पाठ असतात, आणि कट-ऑफ बघून लोक तिथेच हात टेकतात.

पण यादी तिथे संपत नाही. सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, अंधेरीचं सरदार पटेल, ही अनुदानित आणि स्वायत्त. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, रत्नागिरी आणि पुणे जिल्ह्यातलं अवसरी इथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. रायगड जिल्ह्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. केमिकलची आवड असेल तर माटुंग्याची आयसीटी आणि नागपूरची एलआयटी.

माझं स्पष्ट मत आहे: शहरातल्या मध्यम खासगी कॉलेजातलं कॉम्प्युटर आणि यवतमाळ किंवा चंद्रपूरच्या शासकीय कॉलेजातलं मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल यांत लोक डोळे मिटून पहिलं निवडतात, ते मला पटत नाही. ज्या मुलाला मुळात यंत्रात रस आहे त्याला दुप्पट-तिप्पट खर्च करून कोडिंगला बसवण्यात काय हशील? उलट ज्याला कॉम्प्युटरच करायचंय त्याला "सरकारी आहे, स्वस्त आहे" म्हणून सिव्हिलला ढकलू नका. चार वर्षांनी तो पुन्हा कोडिंगचा क्लास लावेल, त्याचे पैसे वेगळे जातील.

बघताना इतकंच सांभाळा की अनुदानित कॉलेजातही काही शाखा विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. कॉलेज तेच, गेट तेच, फी वेगळी. नुसतं कॉलेजचं नाव बघू नका, त्या शाखेच्या कोडसमोर काय लिहिलंय ते वाचा.

ऑप्शन फॉर्मचा क्रम कसा लावू?

साध्या वहीत पानाला तीन रकाने पाडा: कोड, गेल्या वर्षीचा शेवटच्या फेरीचा कट-ऑफ, आणि वर्षाला घरातून जाणारी रक्कम. तिसरा रकाना भरताना मुलगा आणि आईबाबा एकत्र बसा. तिथेच निम्मी भांडणं मिटतात, उरलेली निदान उघड होतात.

२०२५-२६ पासून क्रमाला फारच वजन आलंय. त्या वर्षीच्या नियमांत कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत तुमचा पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. पूर्वी लोक "लागलं तर बघू" म्हणून एखादं महागडं नाव वर टाकायचे. आता ते लागलं तर बघायला वेळच नाही. जे परवडत नाही ते पहिल्या सहांत नको. खरं तर यादीतच नको.

खालच्या टोकालाही कंजुषी करू नका. दहाच पर्याय भरून मोकळे होणारे असतात, आणि चांगले मार्क असूनही हात हलवत बसतात.

मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर शिष्यवृत्ती मिळेल?

शासनाच्या वर सांगितलेल्या योजनांतून नाही. कॅपनंतर उरलेल्या जागेवर कॉलेजच्या पातळीवर प्रवेश घेतलात तरी तेच. "आता घ्या, नंतर स्कॉलरशिपचं करून देतो" असं सांगणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा.

कागदपत्रं कुठली, आणि कधी काढायची?

बारावीची परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी. मुलं सुटीच्या मूडमध्ये असतात, पण सेतू केंद्रात गर्दी नसते ती तेव्हाच. जूनमध्ये त्याच खिडकीवर सर्व्हर डाउन असतो.

उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला हा सगळ्याचा पाया. नोकरी असेल तर फॉर्म १६, शेती असेल तर तलाठ्याचा अहवाल आणि सातबारा. आई-वडील दोघांचं उत्पन्न धरतात, नुसतं वडिलांचं नाही. दाखल्यावरची मुदत वाचा, गेल्या वर्षीचा दाखला घेऊन येणारे दर हंगामात चार-पाच जण तरी भेटतात. डोमिसाइल लागतं. ओबीसी, एसईबीसी वगैरेंना नॉन-क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएसवाल्यांना राज्याच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला. केंद्राच्या नमुन्यातला वेगळा असतो. जोसातून (आयआयटी-एनआयटीची सामायिक प्रवेश प्रक्रिया) तिथलाही प्रयत्न चालू असेल तर दोन्ही काढा. रेशन कार्डही जवळ असू द्या.

आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं. महाडीबीटीचे जेवढे अर्ज अडकतात त्यातले कितीतरी इथे अडकतात. आधार दुरुस्त करायला काही आठवडे जातात, म्हणून हेसुद्धा एप्रिलमध्येच.

शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पण पैसे आलेच नाहीत. कुठे गेले?

बहुधा दुसऱ्या खात्यात. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात तुम्ही मनात धरलेल्या खात्यात नाही. आणि केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं होत नाही. त्याला बँकेत "आधार सीडिंग" म्हणतात, त्याचा वेगळा अर्ज असतो, आणि एका आधारवर एका वेळी एकच खातं लागू असतं.

आमच्या धाकट्याचं असंच झालं. नव्या बँकेतल्या खात्याचं पासबुक घेऊन आम्ही दोनदा कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "शाळेत असताना काढलेलं खातं आहे का कुठलं?" होतं. सातवीत, झिरो बॅलन्सचं. कपाटाच्या वरच्या खणात पासबुक सापडलं, एंट्री मारून आणली, तर हप्ता तीन महिने तिथेच पडून होता.

अर्ज दर वर्षी नूतनीकरण करावा लागतो, हजेरी आणि परीक्षेला बसणं यांच्या अटी असतात. पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. पुढच्या सत्राची फी शिष्यवृत्तीच्या भरवशावर ठेवू नका, हातात काहीतरी असू द्या.

आयआयटी, एनआयटी म्हणजे श्रीमंतांचं काम ना?

कमी उत्पन्नाच्या घरासाठी उलट आहे. आयआयटीची बी.टेक.ची ट्यूशन फी वर्षाला २ लाख. पण एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ. कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर कुणालाही पूर्ण माफ, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन-तृतीयांश माफ. म्हणजे साधारण ६७ हजार उरतात. एनआयटीत ट्यूशन १.२५ लाख आणि उत्पन्नाचे हेच टप्पे, तिथे ४२ हजारांच्या आत काम होतं. वसतिगृह आणि मेस वर. व्हीएनआयटी या नागपूरच्या एनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. जेईई मेन दिलेली असेल तर जोसाचा फॉर्म भरायला आळस करू नका.

एका खासगी विद्यापीठाकडून फोन आला, "मुलाला ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, आठवड्यात सीट बुक करा." घ्यावी का?

सवलत कशावर आहे ते विचारा. फी ४ लाख असेल आणि निम्मी माफ केली तरी २ लाख उरतात, ते कित्येक खासगी कॉलेजांच्या पूर्ण फीपेक्षा जास्त. शिवाय या विद्यापीठांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या चौकटीत येत नसते, आणि शासनाच्या फी सवलतीही तिथे बहुधा लागू नसतात.

मग पुढचे प्रश्न, आणि उत्तरं ईमेलवरच मागा. सवलत पहिल्या वर्षापुरती की चारही वर्षं? टिकवायला किती सीजीपीए (सत्रांची सरासरी श्रेणी) लागतो, आणि गेल्या वर्षी किती मुलांची टिकली? एकदा सीजीपीए घसरून परत वर आला तर सवलत परत मिळते का? सवलत फक्त ट्यूशनवर आहे की वसतिगृहासकट? सीट बुकिंगचे पैसे परत मिळतात का, किती तारखेपर्यंत?

पहिल्या वर्षाचं गणित बऱ्याच हुशार मुलांनाही झटका देतं. बारावीला ९५ टक्के मिळवणारं पोर पहिल्या सत्रात ७.२ वर येतं, आणि अट ८.५ ची असते. अशा वेळी दुसऱ्या वर्षी पूर्ण फी भरण्याची ऐपत आहे का, हे आज बघायचं. नसेल तर ती शिष्यवृत्ती तुमच्यासाठी नाही, कितीही गोड आवाजात सांगितली तरी.

गुणवत्तेवर खरोखर चांगली सवलत देणारी खासगी विद्यापीठंही आहेत. त्यांचे टप्पे आणि अटी वेबसाइटवर छापलेल्या असतात, त्यासाठी आठवड्याची मुदत देऊन फोन करावा लागत नाही.

शासनाच्या योजनांपलीकडे काय आहे?

बारावी बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. पहिली तीन वर्षं १२,००० आणि बी.टेक.च्या चौथ्या वर्षी २०,०००. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही चालत नाही.

मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सक्षम, दोन्ही वर्षाला ५०,०००, उत्पन्न मर्यादा ८ लाख. दोन्हींचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. कंपन्यांच्या प्रतिष्ठानांत रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमात मिळून २ लाखांपर्यंत देते, तिला अभियोग्यता चाचणी असते. कोटक कन्या शिष्यवृत्ती मुलींसाठी आहे, वर्षाला दीड लाखांपर्यंत. शिवाय जवळपास प्रत्येक ज्ञातिसंस्थेचा किंवा जुन्या ट्रस्टचा निधी असतो. पाच-दहा हजारच मिळतात, अर्ज हातानं लिहून द्यावा लागतो, आणि म्हणूनच अर्ज करणारे थोडे असतात. मेसचा एक-दोन महिन्यांचा खर्च त्यातून निघतो.

राहण्याखाण्याच्या खर्चाला कुणी मदत करतं का?

करतं, आणि फीच्या योजनांइतकी याची चर्चा होत नाही. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-विजाभज-विमाप्रसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. शाहू योजनेचा अर्ज करून थांबू नका, पंजाबराव देशमुखांचा वेगळा अर्ज असतो.

दहावीनंतर डिप्लोमा करून आलेलं स्वस्त पडतं का?

बऱ्यापैकी. शासकीय तंत्रनिकेतनाची वर्षाची फी दहा हजारांच्या आत असते. तीन वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे पदवीची फी चारऐवजी तीन वर्षांची. एकूण सहा वर्षं लागतात, बारावीवाल्यालाही तेवढीच. डिप्लोमाचे टक्के चांगले हवेत, कारण प्रवेश त्यावरच होतो. गणित कच्चं राहतं अशी तक्रार असते, ती अगदीच खोटी नाही.

थोडं कर्ज काढलं तर?

थोडं म्हणजे किती ते आधी ठरवा. ४ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचं व्याजच ४०,००० होतं. पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीतल्या संस्थांत प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत मिळते. तांत्रिक शिक्षणासाठी ४.५ लाखांच्या आतल्या कुटुंबांना त्या काळातलं पूर्ण व्याज माफ. तुमचं कॉलेज यादीत आहे का ते ऑप्शन फॉर्मच्या वेळीच बघा, वहीत चौथा रकाना करा.

प्रवेश घेतला आणि नंतर दुसरीकडे चांगलं मिळालं तर भरलेले पैसे बुडतात?

प्रक्रियेच्या अंतिम तारखेआधी रद्द केलात तर १,००० रुपये वजा करून बाकी परत. त्या तारखेनंतर चित्र वेगळं. रद्द करण्याची विनंती पोर्टलवर करा आणि पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, नुसतं ऑफिसात सांगून येऊ नका. मूळ कागद देतानाही पोच घ्या, आणि देण्याआधी सगळ्याच्या रंगीत स्कॅन प्रती मोबाइलमध्ये असू द्यात. पुढच्या कॉलेजच्या खिडकीवर दुपारी पावणेपाचला त्यांचीच गरज पडते.